'टू'च्या आधी माणूस कुठाय? इंग्रजी निरोपातल्या या चुका टाळा

तारकर्लीचा होमस्टेवाला असो की हापूसच्या पेट्या बंगळुरूला धाडणारा देवगडचा बागायतदार, गिऱ्हाइकाला इंग्रजीत लिहायचं ते बहुतेक वेळा एकच असतं: अमुक माणसाने तमुक करावं. त्याची इंग्रजी रचना ठरलेली आहे. आधी क्रियापद, मग माणूस, मग 'टू' आणि दुसरं क्रियापद मूळ रूपात. 'वी एक्स्पेक्ट यू टू रीच बाय सिक्स.' मधे उभा असतो तोच पुढचं काम करणार.

सगळ्यात महाग पडते ती हा मधला माणूस गाळायची चूक. 'ॲडव्हान्स भरायला हवा' एवढं मराठीत म्हटलं की कोणी भरायचा ते समोरच्याला कळतं. तेच डोक्यात ठेवून लिहिलं जातं, 'वी वाँट टू पे ॲडव्हान्स.' याचा अर्थ ॲडव्हान्स आम्हीच भरणार! पाहुणा बुचकळ्यात पडून गप्प बसतो, मालक पैशांची वाट बघतो. शनिवारची खोली अडकून राहते आणि दुसरं गिऱ्हाईक परत जातं. 'यू' हा एक शब्द घातला असता तर हे झालं नसतं. त्यातही पाहुण्याला 'वाँट यू' लिहू नका, ते हुकूम सोडल्यासारखं वाटतं. 'वी रिक्वेस्ट यू टू पे' लिहा. 'आस्क'चंही तसंच: 'ही आस्क्ड टू लीव्ह' म्हणजे त्याने स्वतः जायची परवानगी मागितली, 'ही आस्क्ड मी टू लीव्ह' म्हणजे त्याने मला जायला सांगितलं.

'आय वाँट दॅट यू शुड कम' हे 'तुम्ही यावं असं वाटतं' मधल्या 'असं'चं भाषांतर आहे. 'वाँट'ला 'दॅट' चालत नाही. 'आय वाँट यू टू कम', संपलं.

'त्याला' मधल्या 'ला'साठीही लोक 'टू' लावतात: 'आय टोल्ड टू हिम टू पॅक.' पहिला 'टू' काढा. 'सेड हिम टू पॅक' तर त्याहून वाईट. आपल्याकडे 'म्हटलं' आणि 'सांगितलं' यांत फारसा फरक केला जात नाही, इंग्रजीत करावाच लागतो. काम सांगायचं तर 'टेल'.

आता 'नॉट'ची जागा. कच्चा हापूस फ्रिजमध्ये ठेवला की थंडीने बिघडतो, नीट पिकत नाही. म्हणून गिऱ्हाइकाला आधीच बजावलेलं असतं. तरी तो फ्रिजमध्ये ठेवतो आणि आठ दिवसांनी तक्रार करतो. बागायतदार उत्तर देतो, 'आय डिडन्ट टेल यू टू कीप देम इन द फ्रिज.' म्हणजे, ठेवा असं मी म्हटलं नव्हतं. गिऱ्हाईक म्हणणार, ठेवू नका असंही म्हटलं नव्हतं! बजावल्याचा सगळा मुद्दाच हातचा गेला. 'आय टोल्ड यू नॉट टू कीप देम इन द फ्रिज' असं लिहिलं तरच सूचना दिली होती हे ठरतं. मनाई दुसऱ्या क्रियापदातल्या कामाची असेल तर 'नॉट' हा 'टू'च्या लगेच आधी.

'मेक' आणि 'लेट'नंतर 'टू' नको: 'लेट देम स्लीप.' पण 'मेक'च्या कर्मणी रूपात, म्हणजे 'वी वेअर मेड टू वेट' (आम्हाला थांबायला लावलं) मध्ये, तो परत येतो.

'सजेस्ट यू टू टेक' चूक. 'सजेस्ट टेकिंग' किंवा सरळ 'ॲडव्हाइज यू टू टेक'.

'होप यू टू कम' नाही, 'होप यू कम'.

'टू'नंतर भूतकाळ कधीच नाही. 'टोल्ड हिम टू वेंट' वाचवत नाही.

पन्नास क्रियापदांची यादी एका रात्रीत पाठ करण्याची घाई नवशिक्यांनी सोडावी. यादीत फक्त अर्थ असतो, माणसाची जागा नसते. भाषांतराचं ॲपही इथे दगा देतं, कारण आपण त्याला कर्ता नसलेलं मराठी वाक्य देतो आणि माणूस त्याला अंदाजाने भरावा लागतो. वहीत 'रिमाइंड म्हणजे आठवण करून देणे' असं लिहूच नका. 'रिमाइंड द बोटमन टू ब्रिंग लाइफ जॅकेट्स' असं अख्खं वाक्य लिहा. निरोप धाडण्याआधी 'टू'वर बोट ठेवा आणि विचारा, हे काम कोण करणार? तो माणूस बोटाच्या डावीकडे लगेच दिसला पाहिजे.

'प्रॉमिस' मात्र या कसोटीत बसत नाही. 'आय प्रॉमिस्ड हिम टू सेंड द बॉक्स' मध्ये पेटी पाठवणारा 'हिम' नसून 'आय' आहे. तिथे 'आय प्रॉमिस्ड हिम दॅट आय वुड सेंड द बॉक्स' असंच लिहा.