बारा सूर्यनमस्कार, वाटीभर उसळ आणि जेवणानंतरचं चालणं

रोजचा व्यायाम टिकवायचा असेल तर आधी त्याला रोजच्या एखाद्या कामाला बांधून टाका. ‘सकाळी लवकर उठून करू’ असं ठरवलं की एका उशिरा झालेल्या रात्रीत ते मोडतं. त्याऐवजी गीझरचं बटण दाबलं की सतरंजी अंथरायची. पाणी तापेपर्यंतची दहा-बारा मिनिटं रोज मिळतातच आणि तेवढ्या वेळात बारा सूर्यनमस्कार शांतपणे होतात. पोट रिकामं असतं, घाम आला तरी पुढे आंघोळच आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्काराचा आग्रह धरला, त्यामागेही हाच सोपेपणा होता: साधन लागत नाही, जागा अंगापुरती पुरते आणि हात, पाय, पाठ, पोट सगळ्यांना काम मिळतं.

दहा अंकांची पद्धत आहे, तशी बाराचीही. घरात जी शिकवली गेली असेल ती ठेवा. दहा अंकांत क्रम असा. पाय जुळवून, हात जोडून उभं राहायचं आणि श्वास घेत हात वर न्यायचे, हा एक. श्वास सोडत कमरेतून वाकून तळवे पावलांच्या बाजूला टेकवणं, हे दोन. श्वास घेत उजवा पाय मागे, गुडघा जमिनीला, मान वर, हे तीन. श्वास सोडत डावाही पाय मागे आणि डोक्यापासून टाचांपर्यंत सरळ रेष, हे चार. पाचला गुडघे, छाती, कपाळ टेकतं, पोट अधांतरी राहतं. सहाला श्वास घेत छाती वर, म्हणजे भुजंगासन. सातला श्वास सोडत कंबर वर उचलायची, टाचा जमिनीकडे. आठला श्वास घेत उजवा पाय पुढे दोन्ही तळव्यांच्या मध्ये, नऊला श्वास सोडत डावा पाय त्याच्या शेजारी, दहाला श्वास घेत उभं राहून हात जोडायचे. पुढच्या नमस्काराला डाव्या पायाने सुरुवात करा.

दोनला टेकलेले तळवे नऊपर्यंत जागचे हलवायचे नाहीत. इथेच सगळ्यांचं अडतं. आठच्या अंकाला पाय पुढे आणताना तो तळव्यांच्या वीतभर मागेच पडतो, मग हात मागे सरकवले जातात आणि पुढचं सगळं अंतर बिघडतं. त्यावर उपाय आहे. सातमध्ये वजन थोडं हातांवर घ्या, कंबर आणखी वर उचला आणि गुडघा छातीकडे ओढत पाय आणा. तरीही कमी पडला तर त्या बाजूच्या हाताने घोटा धरून पाऊल पुढे ठेवा. महिनाभरात मांडीचे मागचे स्नायू आणि खुबे मोकळे होतात आणि पाय आपोआप पोचतो. दुसरी चूक भुजंगासनातली. खांदे कानाला चिकटतात, हात ताठ होतात आणि सगळा बाक कमरेच्या खालच्या मणक्यांत पडतो. दिवसभर कंबर दुखते ती यामुळे. कोपरं किंचित वाकलेली, बरगड्यांना लागून, खांदे खाली. छाती कमी उचलली गेली तरी चालेल. दोनमध्ये गुडघे वाकत असतील तर खुशाल वाकू द्या. नुसत्या फरशीवर चटई घसरते, तेव्हा जाड सतरंजी किंवा योगाची मॅट हवी, पायमोजे नकोत.

पहिल्या दिवशी तीनच घाला. दर तीन दिवसांनी एक वाढवला की साधारण महिन्यात बारा होतात. पहिल्याच दिवशी पंचवीस घातले तर दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही, आणि तिसऱ्या दिवशी व्यायाम बंद. रक्तदाब आटोक्यात नसेल, काचबिंदू, हर्निया, मणक्याचा त्रास असेल, गरोदरपण असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

नमस्कारांनी ताकद आणि लवचिकपणा येतो, पण दमसास वाढायला चालणं लागतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही इतपत. आठवड्यातून पाच दिवस वीस मिनिटं झपझप चालणं झालं की उरलेलं नमस्कार भरून काढतात. त्यासाठीही वेगळी वेळ काढू नका: भाजी आणायला गाडी न काढणं, बसमधून एक थांबा आधी उतरणं, एवढ्यात वीस मिनिटं होतात. रात्रीची शतपावली या हिशेबात धरायची नाही, तिचं काम वेगळं आहे. जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत दहा-पंधरा मिनिटं संथ चाललं की स्नायू रक्तातली साखर वापरतात आणि जेवणानंतर ती एकदम चढत नाही. पावसाळ्यात घरातल्या घरात, हॉल ते स्वयंपाकघर फेऱ्या मारल्या तरी तेच काम होतं.

आता ताट. घरच्या जेवणात पोळी-भात भरपूर आणि प्रथिनं कमी, ही आपल्याकडची नेहमीची अडचण. ती सोडवायला मोडाच्या मटकीइतकं स्वस्त आणि चविष्ट दुसरं काही नाही.

चार माणसांना एक मोठी वाटी, म्हणजे सुमारे 200 ग्रॅम मटकी घ्या. रात्री जेवणाची भांडी आवरताना धुऊन तिप्पट पाण्यात भिजत घाला, थंडीत पाणी कोमट. आठ-दहा तासांनी उपसून ताटात पसरा आणि गणंग वेचून काढा. फुगलेल्या दाण्यांत ते लगेच दिसतात: लहान, चकचकीत, सालीला एकही सुरकुती नाही. ते कितीही शिजवले तरी दाताखाली खड्यासारखे येतात. मग पाणी पूर्ण निथळू द्या, ओल्या सुती फडक्यात सैल बांधा आणि चाळणीत ठेवा. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत, थंडीत दिवसभरात मोड येतात. आंबट वास आला, बोटाला तार लागली, तर पाणी राहिलं किंवा पुरचुंडी घट्ट बांधली गेली. ती मटकी टाकूनच द्या. मोडच आले नाहीत तर एक तर कडधान्य जुनं, नाही तर फडकं वाळलं. बोटाच्या पेराच्या निम्मे मोड पुरेत. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते, तेव्हा रविवारी आणि बुधवारी रात्री भिजवली की आठवड्याच्या दोन उसळी मार्गी लागतात.

दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, बारीक चिरलेला कांदा. कांदा मऊ झाला की मटकी परता, कपभर गरम पाणी घाला आणि वर ताटलीत पाणी ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं शिजवा. दाणा बोटाने चेपला गेला की मगच तीन-चार आमसुलं, दीड चमचा गोडा मसाला, छोटा चमचाभर मीठ आणि सुपारीएवढा गूळ. आमसुलं आधी घातली तर आंबटपणामुळे साल कडक राहते. मोड कच्चे खाण्यापेक्षा निदान वाफवून घ्या. ओलाव्यात आणि उबेत मोडांसोबत जिवाणूही वाढतात.

सोबत ज्वारीची भाकरी, काकडीची किंवा गाजराची कोशिंबीर, ताक. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांतला घटक कमी असतो, मटकीत भरपूर, म्हणून ही जोडी चांगली. कोशिंबिरीवर लिंबू पिळलं की कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, आणि जेवल्यावर लगेच चहा घेतला की तेच अडतं; तासभर थांबा. दिवसभराचं मीठ माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट छोटा चमचा, आणि त्यातच लोणचं, पापड, फरसाण आलं. उसळ झणझणीत असेल तर पापड नकोच.

भाकरी थापताना कडा फुटत असतील तर पीठ जुनं झालंय, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली आहे. पंधरा दिवसांपुरतंच दळून आणा. असलेलं पीठ संपवायचं तर पिठात उकळतं पाणी घालून पाच मिनिटं झाकून ठेवा आणि मग सोसेल तितकं गरम असतानाच तळहाताच्या जोराने मळा.