यूएपीएच्या केसमधून माणूस घरी आला की

माझे मालक यूएपीएच्या, म्हणजे दहशतवाद अन् बेकायदा कारवायांविरुद्धच्या कायद्याच्या, केसमध्ये तुरुंगात होते, आता जामिनावर आहेत. कायद्याचं सांगणारे पुष्कळ भेटतात, घरात कसं वागावं ते कोणी सांगत नाही. म्हणून गडचिरोलीकडून लिहून राहिली.

पहिले दाराचं. आत दार दुसराच लावतो, दुसराच उघडतो. घरी बाहेरून कडी घालू नका, गमतीनंही नाही. झोपायची जागा त्यालाच ठरवू द्या. आमचे हे पडवीत भिंतीला पाठ लावून झोपतात. सासूबाईंनी आत मांडलेला पलंग रिकामाच आहे, राहू द्या. भाजी कोणती, अंघोळ केव्हा, हे विचारा. पण दोनातलं एक निवडायला सांगा. नुसतं "काय करू?" म्हटलं की ते गोंधळतात.

रात्री दचकून उठले तर धरू नका, हलवू नका. दिवा लावा, दुरूनच नाव घ्या, गाव आणि वार सांगा. पाय जमिनीवर टेकवायला लावा, श्वास हळूहळू सोडायला लावा.

पाहुणे येतात अन् "मारलं का?" विचारतात. त्यांना तुम्हीच अडवा, धानाचं बोला. सांगायचं असलं तर तो स्वतः सांगेल, बहुतेक बांधीत (धानाच्या शेतात) काम करता करता, तुमच्याकडे न पाहता. तेव्हा मधात बोलू नका.

पोलीस ठाण्यातल्या हजेरीचा दिवस सगळ्यात वाईट. आदल्या रात्रीपासूनच पोट बिघडते. सोबत कोणीतरी जा, कागद एका पिशवीत ठेवा, वकिलाचा नंबर चिठ्ठीवरही लिहा. येताना बाजार करूनच या. सरळ घरी आणलं तर दिवसभर बोलत नाहीत.

झोपेसाठी मोहाची दारू देणारे भेटतीलच. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे म्हणे! देऊ नका, झोप आणखी बिघडते.

महिना होऊनही झोप नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवा. मरणाचं बोलला तर एक दिवसही थांबू नका, एकटं सोडू नका. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. डॉक्टर पोलिसांना सांगतील ही आमच्या ह्यांची भीती होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचाराची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिला आहे. अन् केसचं सांगायची गरजही नाही. "झोप नाही, जुनं डोळ्यापुढं येते" एवढं पुरते.

अन् बाई, ओपीडीत एक चिठ्ठी स्वतःच्या नावाचीही काढ. इतकी वर्षं तूही कुठं झोपलीस?