लेकर्स-सेल्टिक्स सामना बघताय? उंच खेळाडूंबाबतच्या या चुका टाळा

लॉस एंजेलिस लेकर्स आणि बॉस्टन सेल्टिक्स हे NBA या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधले जुने प्रतिस्पर्धी. त्यांचा विषय निघाला की आपल्याकडे आधी लेकर्सच्या कोबी ब्रायंट आणि सेल्टिक्सच्या पॉल पिअर्सची नावं येतात, जुने प्रेक्षक असतील तर मॅजिक जॉन्सन आणि लॅरी बर्डची. मोठीच माणसं आहेत ती. पण 2008 आणि 2010 मधल्या या दोन संघांच्या फायनल पुन्हा बघा. दोन्ही मालिकांचा तोल बास्केटखालच्या रेटारेटीत ठरला. तिथले सेंटर आणि फॉरवर्ड, म्हणजे बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू, नीट पाहिले नाहीत, तर कोण जिंकलं एवढंच कळतं, का जिंकलं ते कळत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक: फक्त गुण मोजणं

17 जून 2010, लॉस एंजेलिस, सातवा सामना. कोबीचे 24 पैकी फक्त 6 शॉट पडले. तिसऱ्या क्वार्टरमध्ये बॉस्टन 13 गुणांनी पुढे होतं. तरीही लेकर्सनी सामना 83-79 असा काढला. गुणांच्या रकान्यात याचं उत्तर नाही, रिबाउंडच्या, म्हणजे हुकलेल्या शॉटचे चेंडू कोणी पकडले त्या रकान्यात आहे. लेकर्सचे ऑफेन्सिव्ह रिबाउंड 23, सेल्टिक्सचे 8. म्हणजे शॉट हुकला तरी चेंडू पुन्हा लेकर्सच्याच हातात, पुन्हा एक संधी. एकट्या पाउ गसोलने 19 गुण आणि 18 रिबाउंड मिळवले, त्यातले 9 ऑफेन्सिव्ह.

आणि त्या रात्री बॉस्टनकडे त्यांचा सेंटर केंड्रिक पर्किन्स नव्हता. सहाव्या सामन्यात त्याचा गुडघा गेला होता. पर्किन्स फार गुण करणारा खेळाडू नव्हता, त्यामुळे त्याची उणीव अनेकांना किरकोळ वाटली. पण समोरच्या सेंटरला अंगाने अडवून धरायचं, बॉक्स आऊट करायचं, म्हणजे पाठीने रेटून त्याला रिबाउंडपासून दूर ठेवायचं, हे काम त्याचं होतं; त्यामुळे केव्हिन गार्नेटला मदतीला धावायची मोकळीक मिळायची. त्याच्या जागी पस्तिशीतला रशीद वॉलेस उतरला. तो मनापासून खेळला, पण उरलेल्या उंच खेळाडूंवरचा भार वाढलाच. त्या मालिकेत सातही सामने ज्याने रिबाउंड जास्त घेतले त्यानेच जिंकले. माझ्या मते फायनलचं इतकं सरळ उत्तर क्वचितच मिळतं.

माणूस तोच म्हणून लढतही तीच समजणं

2008 मध्ये बॉस्टनने ही मालिका 4-2 अशी जिंकली. शेवटचा सामना 131-92, रिबाउंड 48-29. त्यानंतर गसोलवर ‘सॉफ्ट’ असा शिक्का बसला आणि 2010 मध्येही बरेच जण तोच शिक्का घेऊन सामने बघायला बसले. हा अन्याय होता. 2008 मध्ये लेकर्सचा सेंटर अँड्र्यू बायनम गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर होता, त्यामुळे गसोलला सेंटर म्हणून पर्किन्सच्या धक्क्यांना तोंड द्यावं लागलं. दोन वर्षांनी बायनम दुखऱ्या गुडघ्यानिशी का होईना मैदानात होता आणि गसोल पॉवर फॉरवर्डच्या जागेवर, म्हणजे सेंटरच्या जोडीला होता. शेजारचा माणूस बदलला की खेळाडूचं कामही बदलतं. जुनी आकडेवारी काढाल तेव्हा त्या वेळी त्याच्या बाजूला कोण उभं होतं, हे आधी बघा.

जागेसमोर जागा मांडणं

कागदावर स्मॉल फॉरवर्डसमोर स्मॉल फॉरवर्ड येतो, मैदानावर येईलच असं नाही. ऐंशीच्या दशकात बॉस्टन अनेकदा कमी धोकादायक फॉरवर्ड बर्डकडे द्यायचं आणि अवघड गडी लांब हातांच्या केव्हिन मॅकहेलच्या वाट्याला यायचा. त्यामुळे पहिल्या दोन-तीन मिनिटांत कोण कोणाला धरतोय ते डोळ्यांनी बघून घ्या.

उंची म्हणजे फायदाच, असं धरून चालणं

2008 चा चौथा सामना. लेकर्स घरच्या मैदानावर तब्बल 24 गुणांनी पुढे. पर्किन्सचा खांदा दुखावला आणि बॉस्टनचे प्रशिक्षक डॉक रिव्हर्स यांनी जेम्स पोझी आणि एडी हाउस यांच्यासह छोटा संच खेळवला. उंच म्हणावा असा एकटा गार्नेट. बाकीचे बाहेरून शॉट मारणारे, त्यामुळे लेकर्सच्या उंच बचावपटूंना बास्केट सोडून बाहेर यावं लागलं. तिसरा क्वार्टर 31-15 आणि अखेर बॉस्टन 97-91. इतकं उघड उदाहरण असूनही ‘उंच संच भारी’ हे वाक्य ऐकू येतंच.

एका सामन्यावरून निकाल देणं

1985 च्या फायनलचा पहिला सामना बॉस्टनने 148-114 असा जिंकला. लेकर्सचा सेंटर, 38 वर्षांच्या करीम अब्दुल-जब्बारचे 12 गुण आणि अवघे 3 रिबाउंड. संपला, असं अनेकांना वाटलं. पुढच्याच सामन्यात 30 गुण, 17 रिबाउंड, 8 असिस्ट (ज्यावर सहकाऱ्याने लगेच गुण केले असे पास). लेकर्स 4-2 ने जिंकले आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडूही करीमच ठरला.

तुमचा अंदाज चुकला तर

आधी दोन्ही सेंटरचे फाउल बघा. पहिल्या क्वार्टरमध्येच दोन फाउल झाले असतील, तर फाउल वाढून बाद होऊ नये म्हणून तो सहसा बाकावर बसतो आणि पुढची सगळी गणितं हलतात. मग राखीव उंच खेळाडू कोण आणि तो किती मिनिटं टिकला ते बघा. याने उलगडा झाला नाही, तर ऑफेन्सिव्ह रिबाउंडचा आकडा काढा.

फायनल भारतात सकाळी लवकर सुरू होते, त्यामुळे अनेक जण कामावर जाताना हायलाइट्सवर भागवतात. त्यात डंक, म्हणजे उडी मारून चेंडू वरून बास्केटमध्ये कोंबणं, दिसतो, पण त्याआधी शॉट वर जाताच कोणी कोणाला पाठीने मागे ढकललं, ते बहुतेक वेळा कापलेलं असतं. वेळ असेल तर निदान चौथा क्वार्टर पूर्ण बघा, आणि शॉट सुटला की नजर चेंडूवरून काढून बास्केटखालच्या पायांकडे न्या.