मधुमेह-संशोधनासाठी बीजनिधी मागताना या चुका टाळा

नवोदित मधुमेह-संशोधकांचे बीजनिधीसाठीचे, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या संशोधन-निधीसाठीचे, प्रस्ताव मी बरीच वर्षे तपासत आलो आहे. त्यांतील कल्पना बहुधा चांगल्या असतात. प्रस्ताव अडतात ते दिनदर्शिकेपाशी.

सर्वाधिक चीड आणणारी चूक एचबीए१सीची, म्हणजे तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजणाऱ्या रक्तचाचणीची. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्यामुळे ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगते, हे प्रत्येक अर्जदाराला पाठ असते. तरीही सहा आठवड्यांच्या आहारप्रयोगाचे मुख्य फलित म्हणून तो बिनदिक्कत एचबीए१सीच लिहितो. अशा प्रयोगासाठी मी अंगावर लावून साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरच्या सलग १४ दिवसांच्या नोंदी मागतो आणि ७० ते १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर या पट्ट्यात साखर किती वेळ राहिली ते पाहतो. रुग्णांत रक्तक्षय असेल, तर एचबीए१सीवर एरवीही डोळे झाकून विसंबू नये.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. माझा पहिला बीजनिधी बारा महिन्यांचा होता आणि एनओडी उंदरांवरील (रोगप्रतिकारक यंत्रणेच्या हल्ल्यामुळे आपोआप मधुमेह होणारी ही जात) प्रयोग पहिल्याच महिन्यात सुरू होईल, असे मी आत्मविश्वासाने लिहिले होते. नीतिमत्ता समितीने दोनदा खुलासा मागवला, पाचवा महिना संपताना मंजुरी आली आणि सहा आठवड्यांचे उंदीर हाती पडले तेव्हा आठवा महिना संपत आला होता. या जातीच्या माद्यांना मधुमेह साधारण बाराव्या आठवड्यापासून होऊ लागतो आणि पुरेसे आकडे मिळण्यासाठी तिसाव्या आठवड्यापर्यंत थांबावे लागते. नरांत हे प्रमाण बरेच कमी असते. माद्या कमी मिळाल्या म्हणून मी निम्मे नर घेतले होते. वर्ष संपले तेव्हा उंदीर तेवीस आठवड्यांचे होते, बहुतेक नरांची साखर अगदी उत्तम होती आणि अहवालात लिहिण्याजोगे काहीच नव्हते. मुदतवाढीचा अर्ज मी शेवटच्या आठवड्यात केला, तो नाकारला गेला आणि ते योग्यच होते. तेव्हापासून मी वेळापत्रक शेवटच्या महिन्यापासून मागे मागे आखतो आणि समितीकडचा अर्ज निधीच्या प्रस्तावाआधी धाडतो.

एवढी वाट पाहवत नाही म्हणून स्ट्रेप्टोझोटोसिनची एकच मोठी मात्रा टोचून काही दिवसांत मधुमेही उंदीर तयार करणारे उतावीळ लोकही भेटतात. हे औषध स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी थेट मारते. रोगप्रतिकारक यंत्रणा त्या पेशींवर का उलटते, हा ज्याचा प्रश्न आहे, त्याला या आडवाटेने उत्तर कसे मिळणार?

मधुमेहामुळे होणाऱ्या गुंतागुंती कमी करून दाखवण्याचे वचन छोट्या निधीत देऊ नये. टाइप १ मधुमेहावरील डीसीसीटी या मोठ्या अभ्यासाला त्यासाठी १,४४१ रुग्ण आणि सरासरी साडेसहा वर्षे लागली होती. एका वर्षात किती रुग्ण सामील होतात, किती टिकतात आणि मोजमापांत किती चढउतार असतो, एवढे नीट कळले तरी पुढच्या मोठ्या अर्जाचा पाया तयार होतो.

प्रस्तावाची सुरुवात जगातील ५३.७ कोटी मधुमेहींपासून करू नये. परीक्षकाला २०२१ चा तो आकडा ठाऊक असतो.

अंदाजपत्रकात प्रयोगशाळा-सहायकाचे वेतन विसरू नये.