बँकॉकचा पहिला दिवस: पहाटे उतरल्यापासून दुपारी खोली मिळेपर्यंत

मुंबईहून बँकॉकला जाणारी बरीच विमानं रात्री सुटतात. प्रवास चार-सव्वाचार तासांचा आणि तिथलं घड्याळ दीड तास पुढे, म्हणजे उतरता पहाटे पाच ते सातच्या दरम्यान. हॉटेलची खोली मिळते दुपारी दोनला, काही ठिकाणी तीनला. मधले सात-आठ तास न झोपलेली, न आंघोळलेली, बॅगा ओढणारी पाच-सहा माणसं घेऊन काढायचे असतात. मित्रांच्या सहलीतलं पहिलं भांडण याच वेळात होतं. आणि नेटवरच्या आराखड्यांत मात्र हे तास नसतातच. 'पहिला दिवस: ग्रँड पॅलेस, वाट फो, वाट अरुण, संध्याकाळी क्रूझ.' ('वाट' म्हणजे तिथलं देऊळ.) हे लिहिणारा बहुधा आदल्या दिवशी पोचून आठ तास झोपलेला असतो.

पासपोर्ट, तिकीट, विमा, औषधं वगैरे तुम्हाला सांगायला नको. सरळ कामाच्या गोष्टींवर येतो.

१. निघण्याआधी

थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं. इमिग्रेशनच्या सरकारी साइटवर ते फुकट आहे, डॉलर मागणारी साइट उघडली असेल तर बंद करा. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते तिकीट काढताना आणि निघायच्या आठवड्यात असे दोनदा बघा. व्हेप ओढणारा मित्र असेल तर त्याचं यंत्र घरी ठेवायला लावा, तिथे ते बेकायदा आहे. कोणी पुण्याहून, कोणी बंगळुरूहून येणार असेल तर प्रत्येकाच्या तिकिटावर सुवर्णभूमी लिहिलंय की डॉन मुआंग ते वाचा. दोन वेगळे विमानतळ आहेत, शहराच्या दोन वेगळ्या बाजूंना.

२. विमानतळावर: पैसे

सामान घेऊन बाहेर आल्या आल्या दिसणाऱ्या खिडक्यांवर पैसे बदलू नका. सुवर्णभूमीच्या तळघरात, शहरात जाणाऱ्या 'रेल्वे लिंक' गाडीच्या स्टेशनाशेजारी, पैसे बदलून देणारे बरेच जण ओळीने बसलेले असतात आणि त्यांचा भाव वरच्यापेक्षा स्पष्टपणे चांगला असतो. एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी दोनशेहून जास्त बाट (तिथलं चलन) कापतं. त्यामुळे प्रत्येकाने हजार-हजार काढण्याचा वेडेपणा करू नका, एकानेच मोठी रक्कम काढावी.

तिथेच उभ्या उभ्या कॉन्ट्री काढा. माणशी दोन हजार बाट, एक पाऊच, एक खजिनदार. गाडीभाडं, बोट, पाणी, नाश्ता सगळं त्यातून. 'नंतर ॲपवर टाकू' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. पहिल्या दिवशी सोळा बाटची बोट पाचजण पाच वेळा सुटे शोधत घेतात आणि तोवर बोट निघून जाते.

३. शहरात शिरणं

पाच माणसं आणि पाच बॅगा एका टॅक्सीत मावत नाहीत. तिथल्या बऱ्याच टॅक्सींच्या डिकीत गॅसची टाकी असते, दोन मोठ्या बॅगा गेल्या की डिकी संपली. म्हणजे दोन टॅक्सी, आणि दोन टॅक्सी म्हणजे दोन गट. प्रत्येक गाडीत चालू इंटरनेट असलेला एक फोन आणि हॉटेलचं नाव-पत्ता थाई लिपीत हवा. टॅक्सी पहिल्या (म्हणजे तळ) मजल्यावरून, यंत्रातून टोकन घेऊनच. मीटरवर ५० बाट विमानतळाचे, आणि टोल आपण द्यायचा. ही फसवणूक नाही, रिवाज आहे, त्यावरून ड्रायव्हरशी वाद घालू नका.

मला विचाराल तर सकाळी रेल्वे लिंक बरी. पहिली गाडी साडेपाच-सहाच्या सुमारास, फया थाई स्टेशनापर्यंत ४५ बाट आणि अर्ध्या तासाच्या आत. तिथून बीटीएस, म्हणजे रस्त्यांच्या वरून धावणारी शहरातली रेल्वे. अट एकच: बीटीएसमध्ये साडेसातच्या आत बसायला हवं. त्यानंतर बॅगा घेऊन चढणं म्हणजे सकाळच्या विरार लोकलमध्ये ट्रंक घेऊन शिरणं. उशीर झाला असेल तर मुकाट्याने टॅक्सी करा.

४. खोलीचा घोळ

इथे नीट वाचा. अनेक कंपू इथेच आडवे होतात, आमचाही झाला आहे.

पहिला गैरसमज 'अर्ली चेक-इन'चा. बुकिंग करताना तो चौकोन टिक केला म्हणजे खोली मिळाली, असं नसतं. त्याखाली 'उपलब्धतेनुसार' लिहिलेलं असतं, आणि सकाळी साडेसातला काहीही उपलब्ध नसतं, कारण कालचे पाहुणे अजून आत झोपलेले असतात. रिसेप्शनवरची मुलगी हसून हात जोडेल, बॅगा ठेवून घेईल आणि दोनला या म्हणेल. तिच्याशी हुज्जत घालून खोली रिकामी होत नाही.

उपाय एकच आहे आणि तो पैसे टाकण्याचा आहे: एक खोली आदल्या रात्रीपासून घ्या. सगळ्या नाही, एकच. विमान १० तारखेच्या रात्री सुटून ११ ला पहाटे पोचणार असेल, तर त्या एका खोलीचं बुकिंग १० तारखेपासून करायचं. 'न झोपलेल्या रात्रीचे पैसे कशाला?' असं ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणणारच. त्याला सांगा, पैसे रात्रीचे नाहीत, सकाळच्या बाथरूमचे आहेत. पाचांत वाटल्यावर जे डोक्यामागे येतं तेवढं तो दुपारी एअरकंडिशनसाठी कॉफीशॉपमध्ये बसून घालवणार आहे.

आता यातल्या तीन खाचा.

ही रात्र वेगळं बुकिंग म्हणून घेऊ नका. वेगळं घेतलं तर ती खोली ११ ला दुपारी बाराला सोडावी लागते आणि बाकीच्या खोल्या दोनला मिळतात. म्हणजे बारा वाजता पुन्हा सगळे बॅगांसह लॉबीत. तुमच्या खोल्यांपैकी एकीचं बुकिंगच एक रात्र आधी सुरू करा, म्हणजे ती शेवटपर्यंत तुमचीच राहते.

दुसरी खाच जास्त वाईट. तुम्ही १० तारखेच्या रात्री उगवला नाहीत की हॉटेल तुम्हाला 'नो-शो' धरू शकतं, आणि सलग बुकिंग असेल तर पुढच्या सगळ्या रात्रींसकट खोली जाऊ शकते. त्यामुळे बुकिंग झाल्यावर लगेच हॉटेलला लिहा: आम्ही ११ तारखेला सकाळी सातला पोचणार, खोली धरून ठेवा. त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडू नका, आणि त्या उत्तराचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा. बुकिंगच्या ॲपमध्ये 'काही सूचना' म्हणून जो रकाना असतो त्यात लिहून भागत नाही, तो कोणी वाचतो यावर माझा विश्वास नाही. विमानात बसायच्या संध्याकाळी एक फोनही करा. साधं इंग्रजी पुरतं.

तिसरी: खोली दोघांच्या नावावर आणि आंघोळीला पाचजण. बँकॉकमध्ये काही हॉटेलं नोंद नसलेल्या माणसाला वर सोडत नाहीत, किंवा त्याचे जादा पैसे लावतात. त्याच लेखी संदेशात सांगून ठेवा की पाचही जण तुमचेच पाहुणे आहेत, बाकीच्यांच्या खोल्या दुपारपासून आहेत, आणि आल्यावर पाचही पासपोर्ट द्या. चावीची दोन कार्डं मागा. एक खोलीतल्या विजेच्या खाचेत अडकून राहतं, दुसरं हिंडायला.

मग आंघोळी. वीस-वीस मिनिटं, नंबर लावून. बाकीचे खाली नाश्त्याला. पलंगावर आडवं व्हायला माझी बंदी आहे. एक आडवा झाला की तिघं होतात, अकराला कोणी उठत नाही, बाराला उठतात ते चिडलेले उठतात आणि रात्री दोनपर्यंत कोणाला झोप नाही. एखाद्याचं खरंच डोकं दुखत असेल तर त्याला झोपू द्या, दाराला बाहेरून पाटी लावा, आणि 'त्याच्यासाठी थांबू' हे वाक्य कोणाला उच्चारू देऊ नका.

जादा खोलीवर एकमत झालंच नाही तर: कपड्यांचा एक जोड, टूथब्रश आणि चपला हातातल्या बॅगेत ठेवा, मोठी बॅग रिसेप्शनवर ठेवून द्या. स्विमिंगपूल असलेल्या हॉटेलात पूलजवळचा शॉवर वापरायला विचारा, बरेचदा हो म्हणतात.

५. दहा ते दोन

ग्रँड पॅलेस आज नाही. तिकीट ५०० बाट, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, सावली थोडी आणि गर्दी भरपूर. झोप न झालेल्या माणसाला तिथे सोनं दिसत नाही, फक्त ऊन दिसतं. तो उद्या साडेआठला, उघडताक्षणी. त्या परिसरात कोणी गोड बोलून 'आज पॅलेस बंद आहे, वीस बाटमध्ये टुकटुकने दुसरी देवळं दाखवतो' म्हणाला, तर चालत राहा. तो तुम्हाला रत्नांच्या आणि सूट शिवणाऱ्यांच्या दुकानांत नेणार आहे.

आज बसून होईल तेवढंच करायचं. बीटीएसने सफान ताक्सिन स्टेशन, खाली उतरलं की नदीवरचा साथोर्नचा धक्का. केशरी झेंड्याची बोट घ्या, १६ बाट. निळ्या झेंड्याची पर्यटकांची बोट जवळजवळ गळ्यात मारतात, ती महाग आहे आणि नदी तीच आहे. वारा लागतो, मंदिरं बसल्या जागी दिसतात, कोणाला काही ठरवावं लागत नाही. अंगात बळ असेल तर था तिएनच्या धक्क्याला उतरून वाट फो: ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, ३०० बाट, तासाभरात होतं. नसेल तर परतीची बोट.

बाराच्या सुमारास पायांचा मसाज. हौस म्हणून नव्हे, तर सगळ्यांना एका थंड खोलीत तासभर गप्प बसवण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही. साध्या दुकानात तासाला ३००-४०० बाट. निम्मे घोरतात. घोरू द्या.

जेवण मॉलच्या फूडकोर्टात, प्रत्येकाने आपापलं. असोकच्या टर्मिनल २१ मधलं स्वस्त आणि चांगलं आहे. पहिल्या दिवशी दुपारी 'चांगलं रेस्टॉरंट शोधू' म्हणत उन्हात फिरणाऱ्या गटाचं काय होतं ते लिहीत नाही. शाकाहाऱ्यांनो, नुसत्या भाजीतही फिश सॉस असतो. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरातली 'जे'ची खूण शोधा, तिथे मासळीसॉसही नाही आणि अंडंही नाही. सेव्हन-इलेव्हनमधलं गरम सँडविच उचलण्याआधी वेष्टनावरचं चित्र बघा, बहुतेकांत हॅम असतं.

कोणाला वेगळं हिंडायचं असेल तर खुशाल जावं. मात्र 'स्टेशनपाशी भेटू' म्हणू नका. बीटीएसच्या प्रत्येक जिन्याला नंबर आहे, तो नंबर आणि वेळ ठरवा.

६. दोननंतर

झोपा. गजर पाचचा, प्रत्येक खोलीत.

संध्याकाळी मांसाहारी कंपूने मेट्रोने वाट मांगकोन स्टेशनला उतरून याओवारातला, म्हणजे तिथल्या चायनाटाउनला जावं आणि रस्त्यावरच्या स्टुलांवर बसून खावं. सोमवारी तिथल्या बऱ्याच गाड्या बंद असतात. छतावरच्या बारमध्ये जायचं असेल तर चपला-चड्डीवर आत घेत नाहीत, तो बेत दुसऱ्या दिवसावर टाका.

पाऊचचा हिशेब मात्र त्याच रात्री, झोपण्याआधी. टोल कोणी दिला, पाण्याच्या बाटल्या कोणी आणल्या हे दुसऱ्या दिवशी कोणालाच आठवत नाही. उद्याचे हजार-हजार बाटही तेव्हाच गोळा करून घ्या. सकाळी सातला मागितलेत तर प्रत्येकाचं पाकीट नेमकं बॅगेच्या तळाशी असतं.