मागून ठोकलेल्या ट्रकची चासी सरळ करताना : आधी मापं, मग जॅक

मागून धडक बसलेला ट्रक वर्कशॉपला आला की सगळ्यांचं लक्ष फाटलेल्या फाळक्याकडं आणि चेपलेल्या हौद्याकडं जातं. मालक विचारतो कधी देताय, आणि मिस्त्री लगेच चेन लावून मागचं टोक ओढायला घेतो. इथंच काम बिघडतं. कारण मार मागे लागतो पण वाक पुढे जाऊन बसतो. मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी (पाटे चासीला जिथं अडकवलेले असतात तिथं) चासीला ब्रॅकेट आणि क्रॉस मेंबर (आडवे जोडणारे तुकडे) असतात म्हणून तो भाग कडक असतो, त्याच्या मागचा लोंबता भाग मात्र मोकळा असतो, त्यामुळं शेवटच्या हँगरच्या लगेच मागं लाँग मेंबर (चासीच्या दोन बाजूंच्या लांब चॅनेलपैकी एक) मोडायला बघतो. धडक एका कोपऱ्यावर बसली असेल तर त्या बाजूचा लाँग मेंबर अख्खा पुढं सरकतो आणि वरून बघितलं तर चासी पत्त्यातल्या चौकटसारखी तिरकी झालेली असते, जे मागं उभं राहून कुणाला दिसत नाही.

पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर होतात तसल्या अपघातात अजून एक भानगड असते, मागून ठोकर बसून ट्रक पुढच्या गाडीवर गेलेला असतो. म्हणजे दोन्ही टोकांना मार. तेव्हा ड्रायव्हरला नीट विचारा काय काय झालं, आधी कुठं लागलं, नंतर कुठं, माल भरलेला होता का, कारण पुढं ओढायचा क्रम त्यावर ठरतो.

काहीही खोलण्याआधी विमा कंपनीला कळवा, सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि सर्व्हेअरला गाडी आहे त्या अवस्थेत बघू द्या. आणि चासी नंबर कुठं आहे ते शोधा, बहुतेक ट्रकवर उजव्या लाँग मेंबरवर पंच केलेला असतो. तो तुकडा कापायची किंवा मेंबर बदलायची वेळ आली तर आधी आरटीओची परवानगी, मग गॅस कटर. स्वतःच्या हातानं नंबर पंच करायचा नाही, कुणी कितीही सांगितलं तरी.

आता मापं. माझ्या मते अर्धं काम इथंच आहे. गाडी पूर्ण रिकामी करा, सपाट काँक्रीटवर घ्या, चासी चार मजबूत स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर ठेवून कुणीही खाली जायचं नाही) आणि मार न लागलेल्या जागी टेका द्या. मग ओळंबा घ्या. दोन्ही लाँग मेंबरवर समोरासमोर जी कंपनीची मूळ भोकं आहेत तिथून ओळंबा सोडून जमिनीवर खडूनं फुल्या मारा. ब्रॅकेटवरून माप घेऊ नका, ब्रॅकेट स्वतःच सरकलेलं असू शकतं. अशा जोड्या किमान चार-पाच ठिकाणी पाहिजेत : केबिनच्या पुढं, केबिनच्या मागं, मागच्या पाट्यांचा पुढचा हँगर, मागचा हँगर, आणि शेवटचं टोक. मग प्रत्येक चौकोनाचे दोन्ही कर्ण टेपनं मोजा. कर्ण सारखे तर तो भाग चौरस, नाहीतर तिथं तिरका. प्रत्येक जोडीचा मध्य काढून त्यावरून सूत ताणा, सगळे मध्य एका रेषेत आले पाहिजेत, एखादा बाजूला गेला तर तिथून चासी आडवी वाकलीय. शेवटी उंची : प्रत्येक क्रॉस मेंबरपाशी दोन्ही बाजूंना खालच्या पट्टीची (चॅनेलच्या खालच्या आडव्या बाजूची) जमिनीपासून उंची लिहून घ्या, किंवा गवंडी वापरतात तो पाण्याचा लेव्हल पाईप लावा. एकाच कोपऱ्यात उंची चुकत असेल तर पीळ पडलाय.

कर्णात 3 मिमीपेक्षा जास्त फरक मी तरी सोडत नाही, पण त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते आधी. काही ट्रकच्या चास्या मुळातच पुढं रुंद आणि मागं अरुंद असतात, ते वाक समजून सरळ करायला जाऊ नका. मॅन्युअल मिळत नसेल तर तसलंच धड मॉडेल शोधून त्याची मापं घ्या.

कागदावर आकडे आले की ठरवायचं, सरळ करायचं की बदलायचं. लांबवर पसरलेला गोल वाक ओढून सरळ होतो. पण चॅनेलच्या पट्टीला घडी पडली असेल, सुरकुती आली असेल, किंवा रिबिटच्या भोकापासून चीर निघाली असेल तर तो भाग गेला, तो सरळ केला तरी भरल्या गाडीत घाटात तिथूनच तुटणार. चीर डोळ्याला दिसत नाही, म्हणून रंग पूर्ण काढा आणि लाल डाय आणि पांढऱ्या डेव्हलपरचा किट मारून बघा, सगळ्यात आधी हँगरच्या आजूबाजूला.

ओढायच्या आधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढा, डिझेल टाकी, एअर टाकी, युरियाची टाकी, वायरिंग आणि नायलॉनचे एअर पाईप बाजूला करा. हौद्याचे यू बोल्ट सोडा, बॉडी उचलली तर उत्तमच, कारण हौदा धरून ठेवत असेल तर चासी सरळ झाल्यासारखी वाटते आणि बोल्ट सोडल्यावर परत जाते.

क्रम साधारण असा : आधी पीळ, मग चौकटीचा तिरकेपणा, मग लांबीला दबलेला भाग, मग वर-खाली वाक, आणि आडवा वाक शेवटी. मार बसताना जे शेवटी झालं ते आधी काढायचं, हा त्यामागचा विचार. चेन ग्रेड 80 च्या आतली नको, अँकर जमिनीत पक्का पाहिजे, ताणलेल्या चेनवर जाड ताडपत्री टाका आणि चेनच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, क्लिनर पोरांना तर लांबच ठेवा. चेनचा हूक थेट पट्टीच्या कडेला अडकवू नका, कड चेपते, चॅनेलच्या आत लाकडी ठोकळा किंवा प्लेट देऊन धरा. थोडं ओढा, थांबा, मापं घ्या, परत ओढा. लोखंड थोडं परत येतं, म्हणून मापाच्या जरा पुढं न्यायचं, ताण तसाच ठेवून वाकाच्या आजूबाजूला ठोकळा ठेवून हातोडीनं ठोकायचं, मग हळू सोडायचं. प्रत्येक ओढीनंतर सगळे कर्ण परत मोजा, एक नीट करताना दुसरं बिघडतं.

आणि गॅस. कृपा करून गॅस मारू नका. हल्लीच्या ट्रकचे लाँग मेंबर हाय टेन्साइल पत्र्याचे असतात, लाल करून वाकवलं की ताकद तिथंच जाते आणि वरून रंग मारल्यावर कुणाला कळतही नाही. थंड असतानाच ओढायचं. कंपनीनं गरम करायला स्पष्ट परवानगी दिली असेल तरच, तेही सांगितलेल्या तापमानाच्या खडूनं (तेवढं तापलं की वितळतो तो) तपासत, आणि वरून पाणी तर कधीच ओतायचं नाही.

मागचा तुकडा बदलायचा असेल आणि कंपनी जोड चालवून घेत असेल तर त्याच जाडीचा, त्याच मापाचा, त्याच दर्जाचा चॅनेल घ्या. उभा सरळ काप नको, 45 अंशात तिरका काप, आणि जोड हँगरच्या खाली येता कामा नये. 7018 चा सुकवलेला वेल्डिंग रॉड, मशीनची अर्थची वायर जोडाच्या अगदी जवळ, आतून-बाहेरून वेल्डिंग, मग घासून सपाट. आतून जादा आधाराची पट्टी द्यायची तर तिची टोकं निमुळती ठेवा आणि ती उभ्या बाजूलाच बोल्टनं बसवा. वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही, आडवं वेल्डिंगही नाही, सगळ्यात जास्त ताण तिथंच असतो. ढिले रिबिट काढून टाकले की भोक रीमरनं साफ करून घट्ट बसणारे 10.9 ग्रेडचे बोल्ट लावा, ढिल्या भोकात बोल्ट कितीही आवळला तरी काही दिवसात खुळखुळतो.

चासी सरळ झाली म्हणजे गाडी सरळ चालेल असं नाही. धडकेत पाट्यांचा सेंटर बोल्ट कापला गेला असेल तर मागच्या एक्सलचं हाउसिंग सरकलेलं असतं. पुढच्या एक्सलपासून मागच्या एक्सलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा, फरक असेल तर गाडी रस्त्यावर तिरकी चालेल आणि टायर खाईल. प्रोपेलर शाफ्ट, सेंटर बेअरिंग आणि स्टेपनीचं ब्रॅकेटही बघून घ्या.

मागचा अंडररन गार्ड (कार ट्रकखाली घुसू नये म्हणून लावलेला आडवा दांडा) वाकलेला परत लावू नका, नवीन लावा, आणि रिकाम्या गाडीत त्याची खालची कड जमिनीपासून 550 मिमीच्या आत ठेवा. पुढच्या वेळी मागून कार आली तर आतली माणसं वाचतात ती त्याच्यामुळं. लाल रिफ्लेक्टर पट्टी आणि टेललाइटही त्याच दिवशी.

पहिली भरलेली खेप झाली की गाडी परत बोलवा, यू बोल्ट आणि चासीचे बोल्ट टॉर्क रेंचनं तपासा, आणि जोडाजवळचा रंग टॉर्च लावून बघा. रंगात केसाएवढी रेघ दिसली तरी गाडी सोडायची नाही, रंग खरवडून डाय मारायचा.