गायकाच्या माइकमागची रॅक: लाइव्ह साऊंडमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

लाइव्ह साऊंडमध्ये नवीन आलेल्या मुलामुलींना रॅकमधल्या कॉम्प्रेसर-रिव्हर्बच्या पेट्यांची ओढ असते आणि ती रास्तच आहे. कॉम्प्रेसर जोराचा आवाज आपोआप दाबतो, रिव्हर्ब आवाजाला गुंज देतो. चांगला कॉम्प्रेसर आवाजाला जवळ आणतो, शब्द वाद्यांच्या वर ठेवतो. पण स्टुडिओतल्या सवयी घेऊन मंचासमोर बसलात, तर पहिल्याच गाण्यात शिट्टी (फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून फिरत राहणं) वाजेल. स्टुडिओत माइक एका खोलीत आणि स्पीकर दुसऱ्या खोलीत असतो. इथे दोघं समोरासमोर असतात.

हिशेब असा. गायिका तार षड्जावर गेली, कॉम्प्रेसरने ६ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) दाबलं आणि तुम्ही आउटपुटच्या बटणाने ते ६ डीबी परत चढवलं. ती जोरात गात असेपर्यंत पातळी जिथल्या तिथे राहते. ओळ संपली, कॉम्प्रेसरने पकड सोडली, की तोच माइक आधीपेक्षा ६ डीबीने जास्त उघडा असतो. सिस्टीमला शिट्टीपर्यंत ६ डीबीची मोकळीक असेल तर ती तिथेच संपली. हार्मोनियम, तानपुरा, शेजारचा तबला हे सगळंही त्या माइकमधून तितकंच वर येतं. गायक थांबला की शिट्टी का येते, याचं कारण बहुतेक वेळा हेच. म्हणून सुरुवातीला आउटपुट गेन शून्यावर ठेवा. जोरकस जागांवर ३ ते ४ डीबी, अगदी टोकाला ६ डीबी दाबलं जाईल इतकंच करा आणि उरलेली उंची कानाने ऐकत फेडरवर घ्या.

दुसरी चूक मॉनिटरची. एकाच कन्सोलवरून हॉल आणि वेज (गायकासमोर जमिनीवर ठेवलेला मॉनिटर स्पीकर) दोन्ही चालत असतील, तर चॅनेलच्या इन्सर्टवर (बाहेरची पेटी मधे जोडायच्या जागेवर) लावलेला कॉम्प्रेसर सहसा मॉनिटरकडे जाणाऱ्या सेंडलाही लागतो. गायकाने जोर लावला की त्याचाच वेज मंद होतो. मग तो आणखी जोर लावतो आणि मध्यंतरापर्यंत त्याचा गळा बसतो. यावर उपाय सोपा आहे: तोच माइक दोन चॅनेलवर घ्या. पहिला हॉलसाठी, रॅकसकट. दुसरा फक्त मॉनिटरसाठी, त्यावर लो-कट (खालची कंपनं कापणारा फिल्टर) आणि गरजेपुरता ईक्यू, कॉम्प्रेसर नाही. दुसऱ्याचं मुख्य आउटपुटचं असाइन बंद केलंय ना, हे दोनदा पाहा.

आता वायर. अ‍ॅनलॉग कन्सोलच्या इन्सर्टला एकच स्टिरिओ जॅक असतो. बहुतेक कन्सोलवर जॅकच्या टोकावरून (टिप) सिग्नल बाहेर जातो आणि त्यामागच्या कड्यावरून (रिंग) परत येतो. काही जुन्या कन्सोलवर हे उलटं आहे. तसं असेल तर चॅनेल गप्प होतो आणि नवशिका कॉम्प्रेसर बिघडला समजून पेटी खोलायला घेतो. आधी दोन मोनो जॅक अदलाबदल करून पाहा. त्यानंतर पेटीच्या मागचं पातळीचं बटण बघा: +४ (व्यावसायिक पातळी) की −१० (घरगुती उपकरणांची पातळी). दोन्हींत जवळजवळ १२ डीबीचा फरक आहे. ते चुकलं तर कॉम्प्रेसर एक तर सतत आवळलेला राहील किंवा त्याची सुई हलणारच नाही.

बहुतेक डिजिटल कन्सोलवर मोकळं आउटपुट आणि मोकळं इनपुट वापरून इन्सर्ट करावा लागतो. यामाहाच्या मोठ्या कन्सोलवर डिजिटल मीटरचं शून्य म्हणजे +२४ डीबीयू (केबलमधल्या सिग्नलच्या पातळीचं माप). म्हणजे +४ ची पेटी आपल्या सहज पातळीवर चालवायची तर चॅनेल सरासरी −२० च्या आसपास हवा. नवशिके मीटर वरपर्यंत भरतात आणि पेटीचं इनपुट फाटतं. शिवाय या फेऱ्यात एखाद-दोन मिलिसेकंद जातात. सरळ मार्गात ते कळत नाहीत. पण तोच आवाज पेटीतून न गेलेल्या कोरड्या चॅनेलसोबत मिसळला, तर १ मिलिसेकंदाच्या फरकाने ५००, १५००, २५०० हर्ट्झला खड्डे पडतात आणि आवाज नळीतून आल्यासारखा होतो. दबलेला आणि मोकळा आवाज मिसळायचा असेल तर तो पेटीच्या आतच मिसळा, तशी सोय असेल तर.

शिकायला कोणता कॉम्प्रेसर? आमचं मत डीबीएक्स १६०ए. थ्रेशोल्ड (कुठल्या पातळीपासून दाबायचं), रेशो (किती दाबायचं) आणि आउटपुट एवढंच, अटॅक-रिलीजची (किती वेगाने पकडायचं आणि सोडायचं याची) बटणंच नाहीत, त्यामुळे कान एकाच गोष्टीवर राहतो. ११७६ घराण्यातल्या पेट्यांवर अटॅक-रिलीजची बटणं उजवीकडे फिरवली की वेग वाढतो. हे माहीत नसेल तर सगळं उलटं होतं. डिस्ट्रेसरला थ्रेशोल्डचं बटणच नाही, इनपुट वाढवाल तसा तो दाबतो. अटॅक-रिलीजची बटणं असलेल्या पेटीवर भावगीतासाठी ३:१, अटॅक १० ते २० मिलिसेकंद, रिलीज १५० च्या आसपास ही चांगली सुरुवात. आलापीत रिलीज ३०० च्या पुढे न्या, नाहीतर दोन स्वरांमधल्या श्वासात तानपुरा फुगताना ऐकू येतो. लावणीचा फेकीचा आवाज अटॅक थोडा जलद केला तरी सोसतो. कॉम्प्रेसरच्या आधी लो-कट हवाच: पुरुष आवाजाला ८० ते १००, स्त्री आवाजाला १२० ते १५० हर्ट्झ. तो नसेल तर प, फ, भ यांच्या फुंकरीनेच कॉम्प्रेसर दबतो आणि पुढचा स्वर खाली जातो.

डी-एसर ('स' ची टोचणारी धार कमी करणारी पेटी) कॉम्प्रेसरनंतर लावा, कारण कॉम्प्रेसर 'स' ला वर काढतो. मराठीत इथे विशेष काळजी हवी. 'चाक', 'चोर', 'जग' यांतले दंत्य च-ज दातांमागून घासत येतात आणि त्यांची धार साधारण 'स' च्याच पट्ट्यात, ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असते. 'श' त्याहून खाली सुरू होतो. हिंदी गाण्यावर बसवलेला डी-एसर तसाच ठेवला तर मराठी शब्द बोबडे होतात. अशी ओळ गायकाकडून साऊंडचेकमध्ये गाऊन घ्या, ३-४ डीबीवर थांबा.

रिव्हर्ब इन्सर्टवर नको. पोस्ट-फेडर (फेडरबरोबर कमी-जास्त होणाऱ्या) सेंडवरून पाठवा, पेटीचा मिक्स १०० टक्के ओला (फक्त गुंज, मूळ आवाज नाही) ठेवा, रिटर्न दोन चॅनेलवर आणा. त्या रिटर्न चॅनेलचा त्याच सेंडचा नॉब शून्यावर हवा, नाहीतर आवाज गोल फिरत वाढत जातो. प्री-डिले (गुंज सुरू होण्याआधीचा वेळ) ३० ते ५० मिलिसेकंद, लांबी दीड सेकंदाच्या आत, २०० हर्ट्झच्या खालचं कापलेलं. नाट्यगृहाला स्वतःची गुंज असेल तर आणखी कमी. गायक "एको वाढवा" म्हणतो तेव्हा त्याला बहुधा आपल्या वेजमध्ये हवा असतो, हॉलमध्ये नाही. दोन्हींचे सेंड वेगळे ठेवा. निवेदन सुरू झालं की रिटर्न म्यूट. डिले (आवाज थोड्या वेळाने परत ऐकवणारा इफेक्ट) वापरलात तर त्याची वेळ ६०,००० भागिले लय (मिनिटाला मात्रा): ८० च्या लयीला ७५० मिलिसेकंद.

विजेबद्दल थोडक्यात पण गंभीरपणे. परदेशातून आणलेल्या पेटीवर ११५-२३० चं बटण प्लग लावण्याआधी बघा. मैदानावर जनरेटर असेल तर रॅक ऑनलाइन यूपीएसवर घ्या. हम (विजेची घरघर) येतोय म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका, त्यात जीव जातो. हम काढायचा तर सिग्नलच्या वाटेत ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लावा किंवा बॅलन्स्ड सिग्नल केबलची शील्ड एका टोकाला सोडा. व्हॉल्व्हच्या पेटीवर १यू (रॅकमधल्या एका कप्प्याएवढी) जागा मोकळी सोडा आणि साऊंडचेकच्या अर्धा तास आधी ती सुरू करा.

सराव गोडाऊनमध्ये करा. एखाद्या कार्यक्रमाचं मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग परवानगीने मिळवा, गायकाचा ट्रॅक रॅकमधून फिरवा, एका वेळी एकच बटण हलवा. बायपास दाबल्यावर पातळी सारखी राहिली पाहिजे, कारण मोठा झालेला आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. मग ट्रॅक वाजत असताना पेटीचा प्लग काढा. काही पेट्या सिग्नल पुढे जाऊ देतात, काही तोडतात. तुमची कोणती, हे टेपवर लिहून पेटीवर चिकटवा. तोडणारी असेल तर मॉनिटरसाठी घेतलेला दुसरा चॅनेल मुख्य आउटपुटला कसा जोडायचा याची रंगीत तालीम करा, पाच सेकंदांत जमेपर्यंत.

साऊंडचेक संपला की सगळ्या बटणांचा फोटो काढा. सुरू करताना रॅक आधी, अ‍ॅम्प्लिफायर शेवटी. बंद करताना अ‍ॅम्प्लिफायर आधी, कारण व्हॉल्व्हची पेटी बंद होताना देणारा ठोका थेट स्पीकरच्या कोनवर बसतो.